पंप बाहेरच राहील

अहो मिस्तरी,

आज सगळ्यात आधी दारात कोण आलं असेल, सांगा बघू? जगन! हो, तोच आपला जगन दूधवाला, ज्याने पाडव्याला शहाद्याच्या त्या नव्या, काचा लावलेल्या सायकलींच्या दुकानातून गिअरची सायकल घेतली आणि हार घालून अख्ख्या लोणखेड्यातून मिरवली. आपल्या दारासमोरून जाताना घंटी वाजवली मेल्याने. आपलं सायकल-दुरुस्तीचं दुकान बंद, दुकानाचा माणूस गेलेला, आणि हा घंटी वाजवतो! मी ओट्यावर लसूण सोलत होते. मान वर केली नाही. लसूणच सोलत राहिले.

तर तो जगन आज उजाडता उजाडता आला, खाली मान घालून. सायकल आपल्या कडुनिंबाला टेकवली, कारण तिला स्टँडच नाही! दुधाच्या कॅना हँडलला सुतळीने बांधलेल्या, कारण तिला कॅरियरही नाही! मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

"वहिनी, चाकमा हवा कमी शे," म्हणाला. "काचवाला धा वाजता उघडस. तवपावत मन्हं दूध नासी जाई."

"मंग भर ना," मी म्हटलं. "पंप काय तुन्हा दुश्मन शे?"

भरली त्याने हवा. आणि भरता भरता थांबून म्हणाला, "मिस्तरी व्हतात तं बरं व्हतं." मी म्हटलं, घंटी वाजवताना हे नाही सुचलं का रे? पण मनातच म्हटलं. दूधवाल्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?

आज हे पत्र का, ते आता सांगते. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. भटजी येतील, भाऊबंद येतील, सुनील सुरतेहून कालच आलाय. पानावर बसून लोक काय काय बोलतील आणि त्यातलं कावळ्याबरोबर वर काय काय पोचेल, ते माझ्या हातात नाही. म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत माझ्याकडूनच ऐका. मी तुमचं ऐकलं नाही. मी शटर उघडलं.

घ्या! लिहून टाकलं. आता रागवायचं तर रागवा.

शाळेतल्या मराठीत लिहिते म्हणून हसू नका. दुसरीला आमच्या बाई सांगायच्या, पत्र लिहायचं तर नीट भाषेत. तुमच्याशी जन्मभर अहिराणीत भांडले, आता जरा नीट भाषेत भांडते.

दवाखान्यात तुम्ही काय म्हणाला होतात? "मन्हा मांगे शटर ओढी ले. बाईमानूसनं काम नही ते." मी हो म्हटलं. नाकात नळी घातलेल्या माणसाला नाही कोण म्हणतं? ते हो मी त्या नळीला म्हटलं होतं, तुम्हाला नाही. आणि पंपाचं तर तुम्ही काही बोललाच नव्हतात.

मी शटर ओढलं होतं, खरंच. पण सुतक फिटल्यावर पहाटे उठले आणि चहाच्या आधी माझा हात आपला आपण पंपाकडे गेला. रोज तुम्ही उठायचात, पंप उचलायचात, जुन्या चेनीने कडुनिंबाला बांधायचात आणि मग चूळ भरायचात. इतकी वर्षं डोळ्यांसमोर तेच. मी तसाच उचलला, तसाच बांधला आणि मागे भांडी घासायला गेले. डोक्यात काही नव्हतं हो. माझ्या लक्षातच आलं नाही की तो बाजाराचा दिवस आहे!

पुढे आले तर काय बघते? भिंतीला ओळीने सायकली. कुणाच्या चाकाला चिंधी, कुणाच्या ब्रेकला, कुणाच्या पायडलला. तुमचीच रीत. जिथे दुखणं तिथे चिंधी बांधायची, सायकल टेकवायची आणि बाजाराला निघून जायचं, सांगायचं काही नाही. पंप बाहेर म्हणजे मिस्तरी उठले, एवढंच सातपुड्यापर्यंत सगळ्यांना माहीत. तुम्ही गेलात हे डोंगरातल्या माणसांना कोण सांगणार?

उन्हं कलल्यावर ते लोक परत आले. पुढे सायसिंगभाऊ, तो डोंगरातला पावरा, तुम्हाला दर मोसमात मोहाची फुलं आणून द्यायचा तो. पिशवीत मीठ, सुकी मासळी, पोरांना बांगड्या. "डोकरी," म्हणाला, "पंप बाहेर शे, मंग मिस्तरी कोठे?"

मी सांगितलं. तो होता तिथेच खाली बसला. एक बसला तसे सगळे बसले. कडुनिंबाखाली एवढी माणसं आणि कुणी विडीसुद्धा पेटवली नाही. मग सायसिंग उठला आणि म्हणाला, हत्यारांची पेटी दे. मी मागच्या दाराने आत जाऊन पेटी बाहेर आणून दिली. त्यांनी त्यांच्या सायकली त्यांच्याच हातांनी केल्या, एकमेकांच्या धरून. जाताना चिंध्या सोडल्या आणि एकेकाने कडुनिंबाच्या फांदीला बांधल्या. मी विचारलं, हे कशाला? "मिस्तरीले," सायसिंग म्हणाला, आणि निघाला.

मला त्या दिवशी रडू आलं नाही, बरं का. मला राग आला. तुमचा! एवढी माणसं जमवून ठेवलीत आणि सांगता काय, शटर ओढ?

त्या दिवसापासून रोज शटर खाली आणि पंप बाहेर. आता चुकून नव्हे, मुद्दाम.

काचेच्या दुकानाबद्दल तुम्हाला माहीत नसणार, ते तुमच्या मागून आलं. कुठल्याशा मोठ्या कंपनीचं आहे, म्हणे गावोगाव एकसारखी दुकानं. मी जाऊन पाहून आले. कुणाला न सांगता, रिक्षात बसून! खोटं कशाला बोलू, छान आहे. आत गार हवा. वरून सायकली टांगलेल्या, मांडवाला दोडके लोंबतात तशा. तेलाचा वास नाही, बसायला खुर्ची, एका पोरीने पाणी दिलं. म्हणाली, "आजी, कुणासाठी बघताय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मालकांसाठी." तिने विचारलं, "त्यांची उंची किती?" तिथे म्हणे उंची बघून सायकल देतात. मी काय सांगणार? म्हटलं, दारातून आत येताना वाकायचे, एवढी. ती पोरगी फळ्यावरचं काहीबाही बघून म्हणाली, मग मोठी लागेल. मी म्हटलं, हो बाई, मोठीच लागेल. आणि उठून आले.

असो. कुठे होते मी? जगन.

जगन हवा भरून निघणार, तेवढ्यात चार सायकली येऊन थांबल्या. डोक्यावर भोपळ्याच्या फोडीसारख्या टोप्या, काळे चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे. मला आधी वाटलं, नाटकवाले! पण नंदुरबारची चांगली नोकरीधंद्याची माणसं निघाली. दर रविवारी पहाटे निघतात आणि कुठे कुठे फिरून येतात. कामाला नाही, बाजाराला नाही, नुसतंच! त्यात एक दाढीवाले बँकेतले साहेब, एक किडकिडीत मास्तर, एक अगदी न बोलणारा माणूस आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा. प्रकाशा गावच्या पुलापासून हवा उतरत आली होती. पंप दिसला म्हणून थांबले.

जगनला तेवढंच हवं होतं. "काचना दुकानमाईन लिधी का?" त्याने विचारलं.

झालं! दूध राहिलं बाजूला आणि दुकानासमोरच्या बाकावर पंचायत बसली.

बँकवाले म्हणाले, "मी तर आता तिकडेच जातो. बिल देतात, काम कधी होईल ते सांगतात आणि तेव्हाच होतं. नाहीतर आपले गल्लीतले मिस्तरी! आज गेलं की म्हणतात संध्याकाळी या. संध्याकाळी गेलं की उद्या या."

मी दारामागे उभी होते. कान गरम झाले. हे तर तुमचंच वर्णन! त्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं, आणि हुबेहूब सांगितलं.

मास्तर उसळले. "आणि रस्त्यात चेन तुटली तर? कंपनी येईल? फोन लावा, एक दाबा, दोन दाबा, प्रतीक्षा करा! माझी धानोऱ्याजवळ तुटली, तर तिथला मिस्तरी जेवत्या ताटावरून उठला. हात धुतला आणि चेन जोडली."

"हात जेवणाआधी धुतला असता तर बरं झालं असतं," बँकवाले म्हणाले. "माझ्या सीटवर त्यांच्या ग्रीसचे पंजे आहेत अजून."

"पंजे पुसता येतात. तुमच्या त्या दुकानात माझी जुनी सायकल हातात घेतली नाही. म्हणे, आमच्याकडून घेतलेली नाही."

"दोन्ही खरं शे," जगन मध्येच म्हणाला. "गिअर गोड शे, चढ कसा लोणीसारखा लागस. पन कॅरियर नही! म्हैसले दूध शे आन आचळ नही, तसं व्हयनं."

सगळे खो खो हसले. मीही हसले आणि मग आत लपून राहण्यात अर्थ राहिला नाही. चहा टाकला, गवती चहाची पात घालून, आणि बाहेर नेला.

हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टरीणबाई. कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही पुरुष भांडा खुशाल. मी लहान होते तेव्हा सायकलच्या दुकानात जायची मला भीती वाटायची. बाकावर सगळे बसलेले असायचे, मी गेले की गप्प व्हायचे. मिस्तरी माझ्याकडे न बघता सांगायचा, बाबांना पाठव. त्या नव्या दुकानात मला विचारतात, तुम्हाला सीट कशी हवी. म्हणून मी तिथे जाते. दुकान काचेचं आहे की पत्र्याचं, मला काय त्याचं?"

जगनने दुधाच्या झाकणाकडे बघितलं.

आणि मी बाकाकडे बघितलं. आपला बाक! त्यावर गावाच्या निवडणुका लढल्या गेल्या, लग्नं जमली, मोडली, पावसाचे अंदाज चुकले. मी त्यावर कधी बसले का हो? मिस्तरीची बायको! चहा खिडकीतून द्यायचे. तुमची नजर मंद झाली तेव्हापासून पंक्चरचं भोक कोण शोधत होतं? मागच्या दारी, घमेल्यात ट्यूब बुडवून, बुडबुडा कुठून येतो ते बघत, मीच ना? बोटाने जागा दाबून ट्यूब तुमच्या हातात द्यायची, की तुम्ही पुढे जाऊन ठिगळ लावायचात. पुढे सगळे म्हणायचे, मिस्तरींची नजर अजून कशी तेज! तुम्ही म्हणायचात, हां. हां काय, हां?

कॉलेजच्या मुली समोरच्या खांबाजवळ सायकल धरून उभ्या राहायच्या, बाक रिकामा व्हायची वाट बघत. बाक कधी रिकामा व्हायचा? तुम्ही माणूस वाईट नव्हतात. कुणा मुलीला वेडंवाकडं बोलला नाहीत. पण बाकावरच्यांना "सरका रे जरा" असंही कधी म्हणाला नाहीत. एवढं तुम्हाला ऐकवायचं होतं. ऐकवलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, मी इथे बसू का?"

"बस," मी म्हटलं. "मीपण बसते."

आणि आम्ही दोघी बसलो! जगन असा सरकला की कॅनमध्येच पडला असता. गार लागतो हो तो बाक सकाळी. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

मग मी घमेलं आणलं. न बोलणाऱ्या माणसाने चाक काढून दिलं. ट्यूब पाण्यात घातली आणि बुडबुडा आला, बारीक, मोहरीएवढा. मी बोट दाबलं. इथपर्यंत माझं काम. पण पुढे? ठिगळ आणि सोल्युशन आत, म्हणजे शटरच्या आत. बोट ट्यूबवर, किल्ली कंबरेला, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

बाईंच्या हातात ट्यूब दिली, म्हटलं इथे दाबून धर. आणि मी शटर उघडलं. मागच्या दाराने आत जाता आलं असतं, माहीत आहे मला! नाही गेले. पुढून उघडलं. काय आवाज झाला! वर्षभर पडलेलं, गंजलेलं, ओरडलंच ते. समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. सुनील दात घासत होता, तोंडात ब्रश तसाच ठेवून ओट्यावर आला.

आत तुमचा वास होता. तेवढं एक मला सहन झालं नसतं, पण मागे पाच माणसं उभी होती.

सोल्युशनची एक न फोडलेली नळी सापडली. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, लगेच ठिगळ दाबलं. आणि ठिगळ उचकटून आलं! परत लावलं. परत आलं. दाढीवाले साहेब उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, सोल्युशन वाळू द्यायचं आधी. बोटाला चिकटेनासं झालं की मग ठिगळ." बघा! एवढी साधी गोष्ट! तुम्ही नेहमी पाठ फिरवून का करायचात ते आज कळलं. म्हातारीला कळलं तर म्हातारी बाहेर येऊन बसेल, हीच भीती ना? बसली. आता काय करता?

नेमका तेव्हाच काचेच्या दुकानाचा मॅनेजर मोटारसायकलवरून आला. सुनीलने त्याला बोलावलं होतं, मला न विचारता. जागा दाखवायला. नाशिककडचा मुलगा, बोलायला गोड, आल्या आल्या पाया पडला. म्हणाला, "आजी, आम्हाला फक्त माल ठेवायला जागा हवी. शटरला आमचा रंग देऊ, सगळं स्वच्छ ठेवू. तो झाडाखालचा पंप तेवढा काढावा लागेल. बाहेर काही ठेवायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे."

"माय," सुनील ब्रश काढून म्हणाला, "हाई काय चाली ऱ्हायनं? बापूनी काय सांगेल व्हतं?"

"तुन्हा बापूनी पंपनं काहीच सांगेल नव्हतं."

"तू एकली कशी ऱ्हाशी अठे? चाल ना सुरतले. या वयमा पंक्चर काढशी का?"

"काढसू. एक काढं आत्तेच. दुसरं बी काढसू."

"लोके काय म्हनतीन?"

"लोके अठेच बठेल शेत," मी म्हटलं. "इचार त्यासले."

सगळे नुसते चहा पीत राहिले. पण बाकावरून कुणी उठलं नाही.

पोरगा वाईट नाही हो आपला. सुरतेत रात्री झोप लागत नाही म्हणाला, आई एकटी, पडली तर कोण उचलेल. मला माहीत आहे. पण चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून मी काय करू? खाली जाणाऱ्या सायकली बघू?

मॅनेजरला मी सांगितलं, "बाळा, गोडाऊन भेटणार नाही. चहा भेटेल." तो हसला. बसला. चहा घेतला.

आणि गंमत ऐका. ट्यूब झाली, चाक बसलं, हवा भरायला घेतली तर आपल्या पंपाचं तोंड त्या सायकलला बसेना! त्यांचा वॉल्व्ह सुईसारखा बारीक. जगन दाबून बघतोय, मास्तर ओढून बघतायत, मी मनात म्हणतेय, गेली आपली अब्रू. तर त्या मॅनेजरने किल्ल्यांच्या जुडग्यातून एक छोटी पितळी टोपी काढली, वॉल्व्हवर फिरवली, आणि पंप असा बसला की जसा याच सायकलसाठी केलेला. बाईंनी स्वतः हवा भरली. टोपी परत द्यायला गेल्या तर तो म्हणाला, "राहू द्या आजी, पंपालाच बांधून ठेवा. अशा सायकली आता वाढणार इकडे."

बांधून ठेवली. जागा मागायला आला आणि टोपी देऊन गेला! कॅरियर लावायचं असेल त्याला मी इकडे पाठवीन, असंही म्हणाला. जगन लगेच, "मन्हं पहिलं!" कॅरियर कोण लावणार ते मात्र त्याला विचारावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. सायसिंग बाजाराला येईल तेव्हा विचारते. त्याच्या हाताला वळण आहे, आणि पेटीची वाट त्याला माहीत आहे.

सुनीलने घमेल्यातलं काळं पाणी उचलून कडुनिंबाला घातलं. म्हणजे रागावलेला होता, पण घमेलं उचललं त्याने. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "दत्तजयंतीपावत दखसू. कोनी उनं तं ठीक. नही तं माय, तू मन्हासंगे येशी." म्हणजे तोवर गिऱ्हाईक आलं तर मी इथे, नाही तर सुरतेला.

डॉक्टरीणबाई हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. त्यांना अहिराणी कळते हे तेव्हा कळलं. वर फांदीच्या चिंध्यांकडे बोट करून त्यांनी विचारलं होतं मघाशी, या कसल्या, आणि मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग आम्ही दत्तजयंतीलाच येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जायचंच आहे. आणखी बायका आणते. चालेल?"

"जेवायला थांबावं लागेल," मी म्हटलं. "चंपाषष्ठी झालेली असेल, वांगं चालेल. भरीत आणि कळण्याची भाकरी."

दाढीवाले म्हणाले, "बिल मिळेल ना?" मी म्हटलं, "संध्याकाळी या, देते." ते एवढे हसले की सायकलवरून उतरावं लागलं.

भरतावरून आठवलं. उद्या तुमच्या पानात वांगं नाही. माझा काय दोष? जायचं तर चंपाषष्ठी करून जायचं होतं, मरणाची घाई कशाला केलीत? आता दर वर्षी तुमच्या श्राद्धाला भरीत हुकणार. वडे आणि खीर गोड मानून घ्या. कावळ्याला ताटकळत ठेवू नका, सुनीलला सुरतेची गाडी आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. दुपारी समोरच्या खांबाजवळ कॉलेजची एक मुलगी उभी होती. काळी जुनी सायकल, ब्रेकला चिंधी. तिकडे काचवाल्यांनी हात लावला नाही म्हणून आली. शटर उघडं दिसलं, पण बाकावर दूध वाटून परत आलेला जगन होता, म्हणून ती तिकडेच. मी इथून ओरडले, "जगन, सरक रे जरा!" सरकला. "ये पोरी, बस." ती रस्ता ओलांडून आली आणि बसली. क्लासची पुस्तकं मांडीवर घेऊन, अगदी टोकाला, पण बसली. म्हणाली, "आजी, ब्रेक कधी होईल?"

ब्रेक कसा करतात ते मला कुठे ठाऊक? आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"संध्याकाळी ये."

तुम्ही वर हसला असाल. हसा. पण संध्याकाळी ब्रेक झालेला होता. सुनीलने केला. लहानपणी तुमच्याजवळ बसून शिकलेलं अजून हातात आहे त्याच्या. बोललं की पोरं बिथरतात. मी नुसता पाना पुढे केला.

आता तो आत सुनेशी फोनवर बोलतोय. "दत्तजयंतीपावत," असं पुन्हा पुन्हा सांगतोय. आणि एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. दत्तजयंतीला कुणी आलं नाही तरी मी शटर ओढणार नाही. चार सायकली येवोत, एक येवो, की नुसता वारा येवो. जिथे दुखणं तिथे चिंधी बांधून माणसं ज्या दारात सायकल सोडून जातात, ते दार आतून लावून घेणं मला जमायचं नाही. तुम्ही रागावलात तरी नाही. स्वप्नात येऊन ओरडलात तर तिथेही सांगेन.

हा शब्द देते तुम्हाला: पोरीबाळी आधी बसतील, पुरुष सरकतील, ठिगळ लावायच्या आधी सोल्युशन वाळू देईन, आणि पंप बाहेरच राहील.

ते लोक दत्तजयंतीला येतो म्हणालेत. सकाळी, ऊन वर यायच्या आत.

तुमची, आता बाकावर बसलेली,
द्वारका